एक्सएसएलटीचं टेबल रिकामं येतं तेव्हा

एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) वापरून एक्सएमएलमधून हव्या तेवढ्याच नोंदी उचलून वेबपेजवर टेबलात मांडायच्या, हे काम अजूनही बऱ्याच नवख्यांच्या गळ्यात पडतं. फॉर-ईच, व्हॅल्यू-ऑफ आणि चौकोनी कंसातली अट तुम्हाला येते, असं धरून चालतो. ते कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये मिळतं. मला रडवलं ते त्यात नव्हतं, कारण तिथल्या सीडींच्या आणि पुस्तकांच्या याद्यांना नेमस्पेसच (एलिमेंटचं नाव कुठल्या गटातलं हे सांगणारा पत्ता) नसते.

साइटमॅपची (साइटवरच्या पानांच्या यादीची) फाइल घ्या. वर यूआरएलसेट, आत प्रत्येक पानासाठी यूआरएल, त्यात लॉक (पानाचा पत्ता) आणि लास्टमॉड (शेवटच्या बदलाची तारीख). अगदी साधी रचना. तुम्ही फॉर-ईचमध्ये 'यूआरएलसेट/यूआरएल' लिहिता, चालवता, आणि टेबलाची शीर्षकं छान येतात, खाली एकही ओळ नाही. फॉर-ईचऐवजी टेम्प्लेट लिहिले असतील तर अजून विचित्र: टेबल गायब, सगळे पत्ते आणि तारखा एकाला एक चिकटून पानभर. जुळणारं टेम्प्लेट नसलं की प्रोसेसर (हे रूपांतर चालवणारा प्रोग्राम) आपले अंगभूत नियम लावतो आणि नुसता मजकूर ओततो. एरर मात्र कुठेच नाही. प्रोसेसरच्या लेखी काहीच चुकलेलं नसतं.

गोम आहे यूआरएलसेटवरच्या एक्सएमएलएनएसमध्ये, म्हणजे नेमस्पेस जाहीर करणाऱ्या नोंदीत. तिच्यामुळे आतलं प्रत्येक एलिमेंट त्या नेमस्पेसचं होतं. आणि एक्सपाथ (एक्सएमएलमधला मार्ग लिहायची भाषा) १.० मध्ये उपसर्गाशिवाय लिहिलेलं नाव म्हणजे 'कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं' नाव. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, प्रोसेसरला नाहीत. म्हणून स्टाइलशीटच्या (एक्सएसएलटीच्या फाइलच्या) मुळाशी तीच नेमस्पेस एखाद्या उपसर्गाला बांधायची, समजा 'एस', आणि मग 'एस:यूआरएलसेट/एस:यूआरएल' असं लिहायचं. उपसर्ग कुठलाही चालतो. पत्ता मात्र अक्षरन् अक्षर तोच हवा. साइटमॅपच्या पत्त्यात एचटीटीपी आहे. कुणी शहाणपणाने त्याचं एचटीटीपीएस करून 'सुरक्षित' केलं की टेबल पुन्हा रिकामं.

इथवर आलात की ओळी दिसतात, पण खाने कोरे. कारण आत व्हॅल्यू-ऑफमध्ये 'लॉक' तसंच राहिलेलं असतं. प्रत्येक पायरीला उपसर्ग हवा, चौकोनी कंसातल्या अटीतसुद्धा. साध्या अॅट्रिब्यूटना नको, कारण डीफॉल्ट नेमस्पेस त्यांना लागूच होत नाही. शंका आली तर फाइलच्या मूळ एलिमेंटवर नेमस्पेस-यूआरआय फंक्शन लावून काय छापलं जातं ते बघा. अंदाज बांधत बसण्यात रात्री जातात.

मदत मागितलीत की कुणीतरी लोकल-नेमचा (नेमस्पेस सोडून नुसतं नाव देणाऱ्या फंक्शनचा) तोडगा देईल: तारांकन टाका आणि अटीत नुसतं नाव तपासा. चालतो तो. मला मात्र त्याचा राग आहे. अशा दहा अटी एका ओळीत आल्या की स्टाइलशीट वाचवत नाही, आणि दोन नेमस्पेसमध्ये एकाच नावाची एलिमेंट असली की भलतंच उचललं जातं. कीबोर्ड ओढून घेऊन तो तोडगा टाइप करून जाणारे सीनियरही मला नकोत. 'आधी नेमस्पेस छापून दाखव' म्हणणारा खडूस वाटतो, पण त्याच्याच शेजारी बसा.

घाबरू नका, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं फारसं अंगावर येत नाही. तारखांनी गाळताना तेवढं जपा. एक्सपाथ १.० मधली लहान-मोठी तुलना दोन्ही बाजूंचे आकडे करून होते. '२०२४-०५-०१' चा आकडा होत नाही, म्हणून अट कायम खोटी. सबस्ट्रिंगने पहिली दहा अक्षरं घ्या, ट्रान्सलेटने आडव्या रेघा काढा, मग तुलना करा. लहान-चं चिन्ह अॅट्रिब्यूटमध्ये थेट लिहू नका, 'अँड-एलटी-अर्धविराम' असं लिहा. आणि गाळणं फॉर-ईचच्या सिलेक्टमध्येच करा. आत इफ लावलंत तर पोझिशन फंक्शन गाळलेल्या नोंदीही मोजतं आणि अनुक्रमांक १, ४, ९ असे उड्या मारतात.

तपासायला ब्राउझरच्या नादी लागू नका. डिस्कवरून थेट उघडलेल्या फाइलला क्रोम स्टाइलशीट लावू देत नाही, आणि २०२५ मध्ये तर त्यांनी एक्सएसएलटी काढून टाकायचंच जाहीर केलं. टर्मिनलवर एक्सएसएलटीप्रोक चालवा आणि तयार एचटीएमएल पुढे द्या. सॅक्सन (दुसरा एक प्रोसेसर) वापरायला मिळत असेल तर एक्सएसएलटी २.० पासून एक्सपाथ-डीफॉल्ट-नेमस्पेस आहे. ती एकदा दिली की उपसर्गांची कटकट जवळपास संपते. पण पीएचपी किंवा पायथनचं एलएक्सएमएल असेल तर खाली लिबएक्सएसएलटी आहे, म्हणजे १९९९ चं १.०. तिथे तो लोकल-नेमचा तोडगा सोडला तर उपसर्गाला पर्याय नाही.