तुरुंगातली रिक्त पदं कोर्टापुढे मांडायची तर

वकिलांच्या ऑफिसात याचिकांना जोडायची कागदपत्रं जमवणं हे माझं काम. पहिल्या खेपेला माहिती अधिकारात मी भाबडेपणाने विचारलं, ‘कर्मचारी कमी आहेत का?’ उत्तर आलं: ‘माहिती प्रश्नार्थक आहे, देता येत नाही.’ महिना वाया गेला.

तेव्हापासून मी प्रश्न विचारत नाही, तक्ता मागते. एकेका कारागृहाचा, पदनिहाय: मंजूर, भरलेली, रिक्त. शिपाई, हवालदार, तुरुंगाधिकारी, वैद्यकीय अधिकारी वेगवेगळे. सोबत अमुक एका तारखेचं तिन्ही पाळ्यांचं ड्यूटी रजिस्टर. खरी गोम तिथेच असते. कागदावर भरलेला शिपाई रजेवर, प्रतिनियुक्तीवर किंवा कैद्याला घेऊन दवाखान्यात असतो. रात्रपाळीला बराकीपाशी उरतात किती, ते रजिस्टरच सांगतं. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक पहारेकरी धरलाय. त्या दिवशीची कैदीसंख्या शेजारी लिहा, तफावत न्यायमूर्तींना लगेच दिसते.

अर्ज महाराष्ट्रात 150 शब्दांत, एकाच विषयाचा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या 1382 कारागृहांच्या प्रकरणाचा (तुरुंगांतल्या अमानवी परिस्थितीबद्दलचं) आधार घ्या. आणि विनंती ‘भरती करा’ एवढीच नको. भरती पूर्ण करायला सरकारला मुदत घालून द्या असं मागा, दर तीन महिन्यांनी पदनिहाय आकड्यांचं प्रतिज्ञापत्र मागा. नाहीतर ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे वाक्य पुढच्या तारखेलाही ऐकायचंय.