मालीमच्या धक्क्यावर डब्ल्यूटीओची बातमी कशी वाचावी

‘जिनिव्हावाले डिझेलची सवलत बंद करणार’ असा मेसेज फिरला की तांडेल, म्हणजे बोटींचे प्रमुख, माझ्याकडे येतात, कारण गोव्यातल्या या धक्क्यावर ट्रॉलरांचे हिशेब मी लिहिते. जिनिव्हावाले म्हणजे डब्ल्यूटीओ, जागतिक व्यापार संघटना.

आधी संस्था ओळखा. देशाकडे परकीय चलन संपत आलं असेल तर नाणेनिधी, पूल-पाण्याच्या प्रकल्पाला कर्ज असेल तर जागतिक बँक. दोघांचं बिऱ्हाड वॉशिंग्टनला. आयात शुल्क, अनुदान हे विषय डब्ल्यूटीओचे.

मग ‘करार झाला’ म्हणजे काय झालं ते बघा. मासेमारी अनुदानाचा करार १७ जून २०२२ ला ठरला, पण दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता मिळून तो लागू झाला १५ सप्टेंबर २०२५ ला. तोही मान्यता देणाऱ्यांनाच. त्या यादीत भारत आहे का, हे डब्ल्यूटीओच्याच संकेतस्थळावर तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको!

शेवटी कलमं वाचा, कंटाळा आला तरी. रोख आहे बेकायदा मासेमारीच्या आणि माशांच्या घटलेल्या साठ्यांवरच्या अनुदानावर, सरसकट डिझेलवर नाही. जादा नौका पोसणाऱ्या अनुदानाची बोलणी वेगळी आहेत, आणि अबुधाबीच्या डब्ल्यूटीओ बैठकीत २०२४ साली ती अडली. डब्ल्यूटीओत नवे करार एकमतानेच ठरतात, म्हणून लगेच घाबरू नका.