फुल माउथ इम्प्लांट करताय? या चुका टाळा

चार इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, घालून त्याच दिवशी पूर्ण जबड्याचे दात बसवता येतात. जाहिरातीत सांगतात ते खोटं नाही. फक्त ते दात तात्पुरते असतात, आणि बहुतेक गडबड इथेच होते. आरशात गाल भरलेले दिसले, दुखणं गेलं, की घरचेही म्हणतात, ‘झालं बाई एकदाचं!’ तेव्हा काम नुकतंच सुरू झालेलं असतं. मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळी, ब्रिज (एकत्र जोडलेल्या दातांची रांग) आणि इम्प्लांटवरचे दात बनवणारी डॉक्टर. मुंबईत माझ्याकडे ज्या बिघडलेल्या केसेस येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं ऑपरेशन चांगलंच झालेलं असतं. आधी काही विचारायचं राहून गेलेलं असतं, नाहीतर नंतर काही पाळायचं.

दुखणं थांबलं म्हणजे हाडाने धरलं असं नाही

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून आधी तीच.

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत इम्प्लांट घातले की तीन ते सहा महिने हिरडीखाली झाकून ठेवायचे, वर दात नाहीत. पुढे १९९० च्या दशकात पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी ‘ऑल-ऑन-फोर’ आणलं. त्यात पुढचे दोन इम्प्लांट सरळ आणि मागचे दोन तिरके असतात. वरच्या जबड्यात मागे सायनसची पोकळी असते, खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते. तिरका स्क्रू त्यांना चुकवून पुढच्या चांगल्या हाडात बसतो. चारही एका ब्रिजने एकमेकांशी जखडले की लगेच दात देता येतात. हाडाला मात्र टायटॅनियम धरायला अजूनही महिनेच लागतात: खालच्या जबड्यात साधारण तीन ते चार, वरच्या जबड्यात चार ते सहा.

पहिल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतो तो नुसत्या आट्यांच्या जोरावर. बसवताना साधारण ३५ न्यूटन सेंटीमीटरची (हे आवळण्याच्या जोराचं माप) पकड मिळाली तरच आम्ही त्याच दिवशी दात द्यायचा विचार करतो. मग शरीर आट्यांभोवतीचं जुनं हाड खाऊन नवं भरायला लागतं. जुनी पकड सुटत असते आणि नवी अजून यायची असते, म्हणून साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी असते. नेमक्या त्याच सुमारास सूज उतरलेली असते, टाके निघालेले असतात आणि माणूस चकलीला हात घालतो.

लालबागच्या एका काकांचं असंच झालं. ऑपरेशन गणपतीच्या महिनाभर आधी, दुसरीकडे केलेलं. घरात फराळ, पाहुणे. तात्पुरता ब्रिज ॲक्रिलिकचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा असतो, तो कडक चकलीवर दाढेपाशी तडकला. विसर्जनापर्यंत डॉक्टरकडे जायला नको म्हणून त्यांनी तो फेविक्विकने चिकटवला. माझ्याकडे आले तेव्हा तुकडा केसभर वर चिकटलेला, त्यामुळे चावताना सगळा भार त्याच बाजूला. ब्रिज इम्प्लांटवर धरणारे बारीक स्क्रू काढून मी तो उचलला, तर मागचा इम्प्लांट बोटाने गोल फिरत होता. त्यांना एवढंसं दुखत नव्हतं. उरलेल्या तिघांनी ब्रिज धरून ठेवला होता, त्यामुळे चौथा सुटल्याचं कळायला मार्गच नव्हता.

म्हणून लग्न, गणपती, गावची जत्रा यांच्या तोंडावर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. पहिले दोन-तीन महिने मऊच खायचं: वरणभात, मुगाची खिचडी, पेज, उपमा, अंडं, शिजलेला दुधी, काटे काढलेली मासळी, आमटीत कुस्करलेली पोळी. चिक्की, शेंगदाणे, कणीस, पेरू, कडक लाडू, मटणाची हाडं बंद. इम्प्लांटला नैसर्गिक दातासारखी जोराची जाणीव नसते, त्यामुळे ‘जास्त जोर लागला तर कळेलच’ या भरवशावर राहू नका.

सगळेच दात काढायचे, असं कोणी सांगितलं?

दोन-चार दात हलतात म्हणून बारा चांगले दात काढायला लगेच तयार होऊ नका. काढलेला दात परत येत नाही. पूर्ण जबड्याचा ब्रिज एकसंध असतो, त्यामुळे काही वेळा डॉक्टरलाही सगळं काढून नव्याने बांधणं सोपं जातं. कोणता दात का वाचणार नाही, हे एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा. शंका वाटली तर दुसरं मत घ्या. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी त्या त्या विषयाचे विभाग आहेत. जुने एक्स-रे बरोबर न्या.

खालचे सगळे दात आधीच गेले असतील आणि कवळी हलते एवढीच तक्रार असेल, तर पुढे दोन इम्प्लांट घालून त्यांवर बटणांनी बसणारी, काढता-घालता येणारी कवळी हा चांगला पर्याय आहे. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. ऑपरेशन लहान, खर्च कमी, साफ करायला सोपी. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांची काळजी दुसऱ्या कोणाला घ्यावी लागते, त्यांना मी आधी हीच सुचवते.

डॉक्टरपासून लपवू नये अशा गोष्टी

‘मी तंबाखू खात नाही,’ असं सांगणाऱ्या मावशी रोज सकाळी मिश्री लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सिगारेट असो, मावा असो, मिश्री असो, हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम नीट भरत नाही. सुपारी-गुटख्यामुळे गालाच्या आत पांढरट कडक पट्टे येऊन तोंड कमी उघडायला लागतं, तो आजार वेगळा आणि गंभीर. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर ड्रिल मागच्या बाजूला पोहोचणंच अवघड, आणि ते पट्टे आधी तपासून घेणं इम्प्लांटपेक्षा महत्त्वाचं, कारण त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी, सहा महिन्यांनी एक इंजेक्शन किंवा वर्षातून एकदा सलाईन घेणारे खूप जण आहेत. रोजचं औषध नसतं म्हणून ते यादीत सांगितलंच जात नाही. या औषधांमुळे काहींच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर उघडं पडतं आणि भरून येत नाही. गोळ्यांमध्ये हा धोका कमी असतो, कॅन्सरसाठी दिलेल्या मोठ्या डोसमध्ये बराच जास्त. ठरवायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना माहीत तर हवं.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणा. आकडा ८ च्या वर असेल तर मी आधी साखर आटोक्यात आणायला सांगते. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच होतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही सांगा. अशा रुग्णांना अंतिम दातांवर रात्री घालायचा गार्ड लागतो.

‘पॅकेज’मध्ये काय आहे, ते कागदावर हवं

दात काढणं, सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे), हाड भरावं लागलं तर ते, तात्पुरता ब्रिज, अंतिम ब्रिज, मधल्या दुरुस्त्या: प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घ्या. अंतिम ब्रिज त्यात धरलेलाच नाही, हे पाच महिन्यांनी कळलेली माणसं मी पाहिली आहेत. तो झिरकोनियाचा (हा कडक सिरॅमिकचा प्रकार) की टायटॅनियमच्या पट्टीवर ॲक्रिलिकचा, हेही लिहून घ्या. झिरकोनिया फारसा झिजत नाही, पण तुटला तर क्लिनिकमध्ये दुरुस्त होत नाही. ॲक्रिलिकचा दात निघाला तर परत लावता येतो. आरोग्य विमा अपघात सोडून दातांचा खर्च बहुधा देत नाही.

ऑपरेशन कोण करणार आणि दात कोण बनवणार, ही दोन नावं विचारा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी बघा. आधी दातांचा आराखडा, मग स्क्रू, असा क्रम हवा. ब्रिजला पुरेशी उंची मिळाली नाही तर तो पातळ होतो आणि तुटतो, म्हणून कधी कधी हाड थोडं घासावं लागतं. हे ऑपरेशनच्या टेबलावर ठरवायची गोष्ट नाही. आणि विरार-डोंबिवलीहून येणार असाल तर वर्षभर तिथवर येणं झेपेल का, तेही बघा.

काही बिघडलं तर

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. चौथ्या दिवसानंतर वाढली, पू आला किंवा ताप आला तर फोन करा. भूल उतरल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर त्याच दिवशी कळवा. इम्प्लांट नसेला लागला असेल तर सुरुवातीचे तासच महत्त्वाचे असतात.

चावताना ‘टक’ असा आवाज, ब्रिज किंचित हलणं, एका बाजूला वाईट चव यामागे बहुधा ब्रिज धरणारा बारीक स्क्रू ढिला झालेला असतो. तो लवकर आवळला तर काम लहान असतं. तसंच चावत राहिलात तर स्क्रू आतच तुटतो. या स्क्रूसाठी दातावर ठेवलेल्या छिद्रातलं पांढरं सिमेंट पडलं तर घाबरू नका, पण आठवड्याभरात भरून घ्या. ब्रिज तडकला तर घरचा गोंद नको. ‘स’ आणि ‘फ’ नीट येत नाहीत ही तक्रार मात्र बहुधा काही आठवड्यांत जाते. मोठ्याने पेपर वाचा.

अंतिम दात आल्यावर खरा शत्रू ब्रिजखाली साचणारं अन्न. इम्प्लांट किडत नाही, पण हिरडी सुजते आणि मग भोवतालचं हाड झिजतं, तेही न दुखता. ब्रिजखालून जाणारा जाड धागा, लहान ब्रश किंवा पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र यांपैकी तुमच्या हाताला जमेल ते रोज रात्री वापरा. वर्षातून एकदा तरी दाखवून एक्स-रे काढा.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, मापं आणि लॉट नंबर लिहिलेलं स्टिकर असतं. ती सगळी स्टिकरं लावलेलं कार्ड मागून घ्या. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि तो फिरवायचा ड्रायव्हर वेगळा असू शकतो; कार्ड नसेल तर कणकवलीतला किंवा पुण्यातला डॉक्टर ढिला स्क्रू पाहूनही आवळू शकत नाही. कार्डाचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही ठेवा.