कानबाईच्या रात्रीचं शूटिंग उजळायला बसण्याआधी

गेल्या श्रावणात सोमवारी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं विसर्जन आटोपलं, त्याच रात्री मी जागराचं शूटिंग उजळायला बसलो आणि मंगळवारी दुपारी रोट खायला जमलेल्या भाऊबंदांसमोर टीव्हीवर लावलं. समईची ज्योत दिसली, बाकी काळोख. आजीने विचारलं, "कानबाई कोठे शे रे?" तेव्हा या वर्षीची यादी आधीच लिहून ठेवतोय.

मूळ फाइलची कॉपी, चार्जर, डिस्कवर जागा. हे कोणालाही कळतं.

आता मुद्द्याचं. लॅपटॉपच्या स्क्रीनचा ब्राइटनेस! घरचे झोपलेले म्हणून मी दिवा मालवून, ब्राइटनेस शंभरावर ठेवून बसलो होतो. अंधाऱ्या खोलीत तशा पडद्यावर काळं मांजरही गोरं दिसतं. मला वाटलं, झालं की उजेडाचं काम. म्हणून खोलीत दिवा लावा, ब्राइटनेस मध्यावर आणा आणि तो आपोआप कमी-जास्त होण्याची सोय बंद करा. लॅपटॉपमधली नाइट लाइटची सोयही बंद. ती पडदा पिवळा करते, मग आपण भरपाई म्हणून निळं वाढवत बसतो.

डोळ्यांवर विसंबूच नका, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडा. तो फाइलमधले आकडे दाखवतो, त्याला खोली अंधारी की उजेडाची याच्याशी देणंघेणं नाही. ० ते १०० च्या पट्टीवर रात्रीचे चेहरे ४०-५० पर्यंत आले तरी पुरे. दिवसासारखं करायला गेलात तर जागराची मजाच जाते.

उजळायचं ते कर्व्हने, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या रेषेने, तिचा मधला भाग उचलून. सगळ्यात खालचं टोक जागेवर राहू द्या, नाहीतर काळा रंग राखेसारखा होतो. एक्सपोजरचा स्लायडर सरसकट ओढला की समई आणि कानबाईची नथ पांढरीफटक होते. एकदा पांढरं झालेलं एक्सपोर्टनंतर परत येत नाही. शिवाय मोबाइलचं शूटिंग बहुतेक ८ बिटचं, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. त्यातल्या अंधारातल्या मोजक्याच पायऱ्या ताणल्या की मागच्या भिंतीवर पट्टे उमटतात. (ताणा, पण पिठाएवढंच पाणी.)

अंधारातल्या चित्रात दिसणारे दाणे (नॉइज) आधी कमी करायचे, उजेड नंतर. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ती सोय नाही, हे मला रात्री दीड वाजता कळलं. दुसरं काही वापरलंत तर हात आखडता ठेवा, नाहीतर बायकांचे चेहरे मेणाचे होतात आणि साडीचे काठ पुसले जातात.

सरकणारे आडवे पट्टे दिसले तर एडिटिंगमध्ये फार डोकं लावू नका, सहजी निघत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शूटिंग करणाऱ्या पुतण्यालाच सांगून ठेवा, शटर १/५० नाहीतर १/१०० सेकंद. आणि देव्हाऱ्याच्या बाजूला एक जास्तीचा बल्ब टांगायला काय जातं?

मधे चहाला उठलात की परत आल्यावर ब्राइटनेस बघा. चार्जर काढला-लावला तरी बघा, बरेच लॅपटॉप बॅटरीवर गेले की आपणच पडदा मंद करतात. हो, परत तेच सांगतोय.

रंग: बल्बचा पिवळेपणा थोडा काढा, सगळा नको. आवाज: संबळ फाटत नाही ना, एवढंच. एक्सपोर्ट. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर अंधाराचे चौकोनी तुकडे पडतात.

पाठवण्याआधी भर दुपारी, दार उघडं ठेवून टीव्हीवर लावा, एकदा साध्या मोबाइलवरही. काळं दिसलं तर कर्व्हला हात लावण्याआधी लॅपटॉपचा ब्राइटनेस किती होता ते बघा.