वळताना वेग हातून का निसटतो? शिकाऊ वैमानिकांनी या चुका टाळाव्यात

हलके विमान वळवायला शिकताना होणारी पहिली चूक म्हणजे मोटारीच्या सवयीने योकला (वैमानिकासमोरच्या चाकासारख्या दांड्याला) स्टिअरिंग समजणे. मोटारीचे चाक वळण संपेपर्यंत फिरवून धरावे लागते. विमानात मात्र एलेरॉनने (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांनी) हवा तेवढा कल आला की योक मध्यावर आणावा लागतो, अन्यथा कल वाढतच जातो. शिवाय वर उचलल्या जाणाऱ्या पंखावर हवेचा रोध अधिक पडत असल्यामुळे नाक आधी उलट दिशेला सरकते, म्हणून वळणाच्या बाजूचा रडर (शेपटीवरचे, पेडलने हलणारे उभे सुकाणू) एलेरॉनबरोबरच द्यावा लागतो. विमानाची बाजूला होणारी घसरण दाखवणाऱ्या उपकरणातील बॉल ज्या बाजूला गेला असेल त्या बाजूचे पेडल दाबावे, हे तोंडपाठ असूनही पाय मात्र स्वस्थच राहतात.

कललेल्या पंखांची काही उचल बाजूला खर्च होते, त्यामुळे उंची टिकवण्यासाठी योक मागे घ्यावा लागतो आणि त्याबरोबर वेग घटतो. ४५ अंशांच्या वळणात उंची राखली, तर पंखांवरील भार १.४१ पट होऊन स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल अचानक ढासळण्याचा, वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांत भार दुप्पट होतो आणि एरवी ४८ नॉटला स्टॉल होणारे विमान सुमारे ६८ नॉटलाच स्टॉल होते. तीव्र वळणात थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) वेळीच वाढवावा.

कराडच्या विमानतळाभोवती आगाशिवसारखे डोंगर असल्याने सपाट क्षितिज सहसा मिळत नाही. डोंगरमाथ्यालाच क्षितिज मानले, तर नाक नकळत वर राहते. उन्हाळ्याच्या दुपारी नांगरलेल्या रानावरून उसाच्या फडावर येताच विमान खाली बसल्यासारखे वाटते आणि हात आपसूक योक ओढतो, तो आवरावा.

सर्वांत घातक चूक धावपट्टीकडे वळतानाच्या शेवटच्या वळणात होते. वारा पाठीशी असला, तर बेस लेगवरचे (शेवटच्या वळणाआधी धावपट्टीला काटकोनात येणाऱ्या टप्प्यावरचे) विमान धावपट्टीची रेषा ओलांडून जाते. जमीन जवळ असल्याने कल वाढवण्याची भीती वाटते, म्हणून आतल्या बाजूचा रडर दाबून नाक ओढून आणले जाते. त्याने कल आणखी वाढतो, तो रोखण्यासाठी उलट एलेरॉन दिला जातो, खाली झुकलेले नाक सावरायला योक मागे येतो, आणि एवढ्यात आतला पंख स्टॉल होऊन विमान स्पिनमध्ये जाऊ शकते, म्हणजे गिरक्या घेत कोसळू शकते. त्या उंचीवर सावरायला जागा नसते. तेथे कल ३० अंशांच्या आत ठेवावा आणि रेषा चुकलीच, तर निःसंकोचपणे पुन्हा फेरी घ्यावी.

वळणात स्टॉलची सूचना वाजलीच, तर आधी योक पुढे सोडावा, मग पूर्ण शक्ती द्यावी आणि पंख त्यानंतरच सपाट करावेत.