हृदयरोग संशोधकाची प्रकाशनयादी आणि सायटेशनचे आकडे : या चुका टाळा

बढतीच्या मुलाखती जवळ आल्या की सोलापुरातल्या वैद्यकीय अध्यापकांकडून ग्रंथालयात एक मागणी हमखास येते : “माझा एच-इंडेक्स तेवढा काढून द्या.” सायटेशन म्हणजे इतरांच्या लेखनात आपल्या निबंधाचा दिलेला संदर्भ, आणि एच-इंडेक्स 5 म्हणजे किमान पाच सायटेशन असलेले पाच निबंध. हा आकडा पाच मिनिटांत निघतो, परंतु ज्या यादीवरून तो काढायचा ती यादीच बहुधा चुकलेली असते, आणि ती दुरुस्त करायला काही आठवडे लागू शकतात.

सर्वांत मोठा घोळ नावांचा होतो. शोधनिबंधांच्या सूचींमध्ये बहुतेक वेळा आडनाव आणि आद्याक्षरेच दिसतात. त्यामुळे ‘पाटील एस’ या एका नावाखाली हृदयरोगापासून दंतवैद्यकापर्यंत अनेकांचे लेखन गोळा होते. उलट, कुठे वडिलांचे आद्याक्षर घातलेले, कुठे गाळलेले, कुठे लग्नानंतर आडनाव बदललेले असल्यामुळे एकाच व्यक्तीचे लेखन सूचीतील दोन-तीन प्रोफाइलमध्ये, म्हणजे लेखकाच्या नावाच्या पानांमध्ये, विखुरते. सोलापूरकरांच्या वाट्याला यात आणखी एक अडचण आहे. जुन्या इंग्रजी लिखाणात शहराचे नाव ‘शोलापूर’ असे येते, आणि येथील शासकीय महाविद्यालय कुठे ‘डॉ. व्ही. एम. मेडिकल कॉलेज’ म्हणून, तर कुठे ‘वैशंपायन स्मृती’ हे पूर्ण नाव घेऊन नोंदलेले आढळते.

प्रोफाइल फुटल्याने किती फरक पडतो, ते पाहा. समजा, एका प्रोफाइलमधील निबंधांना 41, 9, 5, 3 आणि 2 सायटेशन आहेत, तर दुसऱ्यातील निबंधांना 17, 6, 5 आणि 2. किमान तीन सायटेशन असलेले तीन निबंध दोन्हीकडे आहेत, पण किमान चार असलेले चार कुठेच नाहीत. म्हणून दोन्हींचा एच-इंडेक्स 3 आहे. एकत्र केल्यावर क्रम 41, 17, 9, 6, 5, 5, 3, 2, 2 असा लागतो आणि एच-इंडेक्स 5 येतो. तो 6 येत नाही, कारण हे आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात. काही अर्जांमध्ये मी तशी बेरीज केलेलीही पाहिली आहे. यावर उपाय म्हणजे नावाचे एकच स्पेलिंग कायमचे ठरवणे, 2012 पासून विनामूल्य मिळणारा, संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक घेऊन तो प्रत्येक निबंधासोबत देणे, आणि स्कोपस या निबंध व सायटेशनच्या सूचीकडे प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती अर्जाच्या बऱ्याच आधी पाठवणे.

गूगल स्कॉलर या गूगलच्या संशोधन-लेखन शोधसेवेच्या बाबतीत उलटा त्रास होतो. नवे लेख आपोआप जोडण्याची सोय चालू ठेवली, तर परक्याचे लेखनही आपल्या खात्यावर जमा होत राहते. एका हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रोफाइलवर डाळिंबावरील तेल्या रोगाचा निबंध जाऊन बसला होता आणि सर्वाधिक सायटेशनही त्यालाच होती! ही सोय बंद करून प्रत्येक नोंद स्वतः तपासून मगच स्वीकारावी.

आकडा लिहिताना स्रोत आणि तारीख न देणे ही चूक तर सर्रास होते. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधील (जर्नलमध्ये छापण्याआधीच खुल्या केलेल्या निबंधांमधील) उल्लेखही मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा स्कोपसपेक्षा सहसा मोठा असतो. दोन्हींपैकी कोणताही द्यावा. पण निबंधांची संख्या एकाकडून आणि सायटेशन दुसऱ्याकडून घेऊ नये. निबंध पबमेड या वैद्यकीय लेखनाच्या शोधसेवेवर दिसतो, एवढ्यावरून ते जर्नल मेडलाइन या तिच्यातील निवडक जर्नलांच्या सूचीत आहे असेही समजू नये.

इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा असतो, निबंधाचा किंवा लेखकाचा नसतो. 2022 आणि 2023 मध्ये छापलेल्या मजकुराला 2024 मध्ये मिळालेल्या सायटेशनना त्या दोन वर्षांतील संशोधन आणि समीक्षा निबंधांच्या संख्येने भागले की 2024 चा आकडा येतो. काही थोड्या निबंधांनाच भरपूर सायटेशन मिळत असल्यामुळे ही सरासरी आपल्या निबंधाविषयी जवळपास काहीच सांगत नाही. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या जर्नलांच्या मुखपृष्ठावर झळकणारे तत्सम नावाचे आकडे तर हिशेबातच धरू नयेत.

हृदयरोगशास्त्रात मोजणी अधिक काळजीने करावी लागते. हृदयविकाराच्या झटक्याची चौथी सार्वत्रिक व्याख्या 2018 मध्ये सर्क्युलेशन, युरोपियन हार्ट जर्नल अशा अनेक जर्नलांत एकाच वेळी प्रसिद्ध झाली. असा एकच मजकूर यादीत अनेकदा मोजला गेला, तर एच-इंडेक्स उगाच फुगतो. लहान प्रमाणावर हाच प्रकार परिषदेत सादर केलेल्या गोषवाऱ्यांचा होतो. पुरवणीत छापलेला गोषवारा पूर्ण निबंधांच्या यादीत घालू नये. बहुकेंद्री अभ्यासाच्या परिशिष्टात सहयोगी म्हणून नाव आले, तर तेही लेखकत्व नव्हे. त्याची नोंद वेगळ्या शीर्षकाखाली करावी.

मागे घेतलेले निबंधही तपासावे लागतात. कोविड आणि हृदयविकारावरचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधील एक निबंध 1 मे 2020 रोजी आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. तरीही त्यानंतर त्याचे संदर्भ दिले जात राहिले. आपल्या यादीत असा निबंध असेल, तर तो गुपचूप वगळण्यापेक्षा ‘मागे घेतला’ असे स्पष्ट लिहून ठेवावा.

शेवटी, पदासाठी कोणत्या प्रकारचे निबंध आणि लेखकाचा कितवा क्रमांक ग्राह्य धरायचा, याचे नियम बदलत असतात. म्हणून ताजे परिपत्रक समोर ठेवून प्रत्येक नोंदीपुढे निबंधाचा प्रकार आणि आपला क्रमांक लिहावा, आणि मगच ग्रंथालयात यावे.