मोठी देणगी मागताना जीभ अडखळायची, ती अशी सुटली

ठाण्यातल्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी आमची संस्था अभ्यासिका चालवते. वागळे इस्टेटमधल्या कारखानदारांसमोर बसले की कामाबद्दल मी भरभरून बोलायचे, पण आकडा सांगायची वेळ आली की आवाज बसायचा. 'यथाशक्ती द्या' म्हणून उठायचे.

आरशासमोरच्या सरावाने फारसं काही झालं नाही. फरक पडला तो खर्च मांडल्यावर: शिक्षिकेचं वर्षाचं मानधन, वह्या, खाऊ, प्रवास. मग 'एका पाड्याचं वर्ष तुम्ही उचलाल का? २,४०,००० रुपये लागतील,' हे वाक्य सहकारी ताईंना समोर बसवून मोठ्याने म्हणत राहिले. आकडा सांगून गप्प राहणं सगळ्यात अवघड. पण समोरच्याला विचार करायला तेवढी शांतता लागतेच.

करसवलतीचं मी आधीच स्पष्ट सांगते: देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीसाठी (जिला '८०जी' म्हणतात) २,००० रुपयांवरची देणगी रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही.

पहिल्या भेटीत आता पैसे मागत नाही, पाड्यावर यायचं आमंत्रण देते. देणगी आल्यावर सहा महिन्यांनी हिशेब घेऊन स्वतः जाते. पुढच्या वर्षाचा होकार बहुतेकदा तिथेच मिळतो.